वाडा पाडावा की उतरवावा?

पावसाळा तोंडावर आला की महापालिकेकडून मोडकळीस आलेल्या इमारतींना नोटिसा जाऊ लागतात, आणि महाल-इतवारीतील जुन्या घरांना त्या चुकत नाहीत. नोटीस हाती पडल्यावर घरातील मंडळींपुढे साधारणपणे दोनच मार्ग मांडले जातात. एक तर आहे तसेच दिवस काढायचे, किंवा घर जमीनदोस्त करून त्या जागी सिमेंटची इमारत उभी करायची. वाड्याचा निकाल लावायला अलीकडे आठ दिवसही लागत नाहीत. यंत्र येते, भिंती ढासळतात, धुळीचा लोट गल्लीभर पसरतो आणि ट्रक मलबा भरून निघून जातात. दीडशे-दोनशे वर्षे उभ्या असलेल्या सागवानाचे, दगडाचे आणि विटांचे पुढे काय झाले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ नावाने जगभर जी चर्चा चालू आहे, तिचा मुद्दा नेमका या चौकशीचाच आहे.

महाल हे नागपूरचे मूळ. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास हे नगर वसविले. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास रघुजी भोसल्यांनी येथे राजधानी आणली. राजवाड्याभोवती सरदार, कारभारी, पुरोहित आणि सावकार यांचे वाडे उभे राहिले. खुद्द भोसल्यांचा भव्य राजवाडा १८६४ साली आगीच्या भक्ष्यस्थानी पडला, आणि त्या वैभवाची साक्ष देण्यासाठी नगारखान्यासारखे मोजके अवशेष तेवढे मागे राहिले. गांधी दरवाजा, म्हणजे पूर्वीचा जुम्मा दरवाजा, आजही वर्दळीच्या मधोमध उभा आहे. दरवाजे आणि मंदिरे वारसा म्हणून सांभाळावीत याबद्दल फारसा वाद होत नाही. प्रश्न येतो तो राहत्या घरांचा. केळीबाग मार्गाच्या रुंदीकरणात अनेक जुन्या घरांचे दर्शनी भाग गेले. ज्यांचे अर्धे घर उरले त्यांनी उरलेल्याचे काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरविले. वारसा यादीत नाव नसलेल्या अशा घरांची संख्या यादीतील वास्तूंपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय प्रामुख्याने तीच घरे आहेत.

चक्रीय अर्थव्यवस्थेची कल्पना प्रथम नीट समजून घेतली पाहिजे. खाणीतून काढा, वापरा आणि फेकून द्या, ही आजच्या उत्पादनव्यवस्थेची सरळ रेषा आहे. ती वाकवून तिचे वर्तुळ करावे, म्हणजे एकदा निसर्गातून घेतलेला पदार्थ शक्य तितका काळ, शक्य तितक्या मूळ रूपात वापरात राहावा, असा हा विचार आहे. त्याच्या प्रारंभीच्या प्रवर्तकांमध्ये स्विस वास्तुविशारद वॉल्टर श्टाहेल यांचे नाव घेतले जाते. त्यांनी जनेव्हिएव्ह रेडे यांच्यासह १९७६ साली युरोपीय आयोगासाठी एक अहवाल तयार केला. ऊर्जेच्या जागी मनुष्यबळ वापरता येईल काय, हा त्याचा विषय होता. तेलाच्या भडकलेल्या किमती आणि वाढती बेकारी या दोन्ही संकटांच्या छायेत तो लिहिला गेला. उद्योगांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा सिमेंट, पोलाद यांसारखे मूळ पदार्थ तयार करण्यातच खर्च होते आणि त्या पदार्थांपासून इमारत वा यंत्र घडविण्यात उरलेली एक चतुर्थांश, असे त्यांचे निरीक्षण होते. मनुष्यबळाचे प्रमाण याच्या नेमके उलट. याचा अर्थ असा की, उभी इमारत दुरुस्त करण्यात ऊर्जा वाचते आणि हातांना काम मिळते. महालातील एखाद्या वयोवृद्ध सुताराला ही गोष्ट सांगितली, तर त्यात नवीन काय, असेच तो विचारील.

कारण जुना वाडा बांधतानाच तो पुढे कधीतरी उतरवावा लागेल, हे गृहीत धरलेले असे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि त्यांवर पाट्या. वर उतरते कवेलूचे छप्पर. लाकडाचे सांधे खाच आणि कुसू यांचे, खिळ्यांचा वापर बेताचा. भिंतीतल्या विटा पातळ, चपट्या आणि चुन्यात बसविलेल्या. वाडा दुरुस्त होऊ शकतो की नाही, हे या चुन्यावरच ठरते. चुन्याचा दर्जा विटेपेक्षा मऊ असतो. भिंत उतरविताना तो सुटतो आणि वीट अखंड हाती येते. थोडी घासली की पुन्हा कामाला तयार. सिमेंटचा दर्जा मात्र विटेहून कठीण असतो. भिंत तोडली की सांध्याऐवजी वीटच फुटते. आज बांधलेली सिमेंटची भिंत पन्नास वर्षांनी तोडली, तर तिच्यातून विटा मिळणार नाहीत, चुरा मिळेल. जुनी माणसे लग्नकार्यातली भांडी जशी मोजून घेत आणि मोजून परत करीत, तशी वाड्यातली प्रत्येक वस्तू मोजून परत घेता येत असे.

लाकडी वास्तू उतरवून दुसरीकडे उभारता येते, याचे बोलके उदाहरण पुण्यात आहे. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष डॉ. दिनकर केळकर यांनी आपल्या संग्रहालयात आणून जुळविले. आज राजा केळकर संग्रहालयात त्या दालनात उभे राहता येते. ते काम वस्तुसंग्रहाच्या प्रेमापोटी झाले; पण ते शक्य झाले ते सांध्यांमुळे.

थोडा हिशेबही करून पाहू. ३० फूट लांब, १० फूट उंच आणि २ फूट जाड अशी एक भिंत घ्या. वाड्यात अशा भिंती पाच-सात तरी असतात. ती भरते ६०० घनफूट, म्हणजे सुमारे १७ घनमीटर. आजच्या प्रमाणित मापाच्या विटांत मोजले तर साडेआठ हजारांच्या आसपास विटा झाल्या. भट्टीत एक लाख विटा भाजायला साधारणतः १५ ते २० टन कोळसा लागतो. त्या हिशेबाने या एका भिंतीच्या विटा नव्याने भाजायच्या तर सव्वा ते पावणेदोन टन कोळसा जाळावा लागेल. भिंतीचे वजन ३० टनांच्या घरात, म्हणजे दहा टनी ट्रकच्या तीन फेऱ्या. नव्या इमारतीसाठी कन्हानची रेती, खाणीतली गिट्टी, सिमेंट आणि सळाखी यांच्या फेऱ्या त्याहून वेगळ्या. महालातील अरुंद गल्ल्यांमध्ये ज्यांनी अशी वाहतूक अनुभवली आहे, त्यांना हा आकडा कागदावरचा वाटणार नाही.

सध्या वाडा पाडला की काय घडते? पाडकामाचा ठेकेदार आधी दारे, चौकटी, खांब आणि तुळया पाहून बोली लावतो. सागवानाला भाव असल्यामुळे ते जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जाते, लोखंड आणि पितळ कबाड्याकडे जाते. तेवढ्यापुरते चक्र चालू असते, हे मान्य केले पाहिजे. पण ते अपुरे आणि उतरत्या पायऱ्यांचे चक्र आहे. बारा फुटी अखंड खांब चिरून त्याच्या फळ्या होतात, कोरीव हस्त फोडून वेगळे विकले जातात. विटा यंत्राच्या दणक्याने फुटलेल्या असल्याने त्यांचा भराव होतो, आणि तो एखाद्या रिकाम्या भूखंडावर वा नाल्याकाठी पडतो. नाल्याची वाट अशी अरुंद होत गेली, की पावसाचे पाणी घरात शिरते. सप्टेंबर २०२३ च्या पुराने नागपूरकरांना पाण्याच्या वाटांचे महत्त्व पुरेसे शिकविले आहे.

सागवानाची गोष्ट तर विशेष विचार करण्याजोगी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला साग देशात नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली बल्लारपूरहून सागवान समारंभपूर्वक रवाना झाले. नव्या संसद भवनासाठीही नागपूरचे सागवान वापरले गेले. त्याच जातीचे, पण शतकभर वाळून स्थिर झालेले, गाभ्याने भरलेले लाकूड महालातील घरांच्या माळ्यावर उभे आहे. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही, आणि वाळून स्थिरावलेले लाकूड नव्यासारखे वाकत वा फाटत नाही. असे लाकूड चिरून फळ्या करण्याआधी एकदा थांबून विचार व्हावा, इतकेच म्हणणे आहे.

चक्रीय विचारात पर्यायांचा एक उतरता क्रम आहे. पहिली पसंती वास्तू आहे तशी वापरात ठेवण्याला. ते जमत नसेल तर दुरुस्तीला. त्यानंतर भाग सुटे करून ते त्याच रूपात दुसरीकडे वापरण्याला. पदार्थ दळून, वितळवून नव्या वस्तू करणे हा क्रमांक बराच खालचा, आणि भराव सर्वांत शेवटचा. आपल्याकडे पुनर्वापर म्हटला की मलब्यापासून केलेल्या गट्टूंचीच चर्चा होते. गट्टू उपयोगी आहेतच. परंतु शंभर वर्षे टिकलेल्या विटेचा भुगा करून त्याचा गट्टू बनविणे, ही शेवटून दुसरी पायरी आहे, याचे भान राहत नाही.

दुरुस्तीच्या पायरीवर प्रत्यक्षात काय करता येते, ते पाहू. वाड्यातील खांब बहुधा संपूर्ण खराब झालेला नसतो. ओल चढते ती तळाशी, आणि दोन-अडीच फुटांपर्यंतच तो कुजतो. धिरा देऊन वरचा भार पेलून धरायचा, कुजलेला भाग कापायचा आणि तेथे जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा, हे काम कसबी सुतार करतो. तुळईचे टोक भिंतीत गेलेले असते. तेथे वारा लागत नाही म्हणून तेच आधी पोकळ होते. लाकडावर हातोडीने ठोकले तर भरीव आणि पोकळ आवाजातला फरक सामान्य माणसालाही कळतो. खराब तेवढेच बदलायचे, हा नियम. कवेलू तर दरवर्षी पावसाळ्याआधी फेरलेच जात; फुटलेले काढून नवे टाकायचे आणि चांगले पुन्हा बसवायचे. नियमित देखभालीची ती पद्धत बंद पडली आणि छपरावर टिन आले. त्याच वेळी घराच्या लाकडाचे वार्षिक निरीक्षणही बंद पडले, कारण आता कोणी वर चढतच नाही.

वाड्यांचे सर्वाधिक नुकसान मात्र दुरुस्तीच्या नावाखाली झाले आहे. ओल दिसली की तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविण्याची सवय सर्वत्र आहे. जुनी भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि चुन्याच्या पृष्ठभागातून ते बाहेर सोडते. सिमेंटने ही वाट बंद होते. पाणी आतच अडकते, वर चढते, क्षार साचतात आणि विटेचा पापुद्रा सुटू लागतो. मग आणखी जाड गिलावा चढतो. दोन-तीन पावसाळ्यांत भिंत खरोखरच धोकादायक होते आणि जुने बांधकाम कुचकामी असते, असा निष्कर्ष काढला जातो. चुन्याच्या भिंतीला चुनाच लावला पाहिजे. त्यासाठी लागणारी सुरखी फुटक्या विटा दळूनच तयार होते. चुन्यात मिसळली की ती त्याला बळकटी देते. म्हणजे ज्या विटा अखंड निघाल्या नाहीत, त्यांनाही त्याच घरात काम आहे. चुना मळण्याची घाणी आता दिसत नाही. पण ते काम छोट्या यंत्रावरही होते. खरी अडचण चुना जाणणाऱ्या मिस्त्रीची आहे, आणि हे कौशल्य शिकविण्याची सोय शहरात झाली तर तरुणांना त्यातून चांगला रोजगार मिळू शकतो.

नागपूरच्या उन्हाळ्याचाही या हिशेबात समावेश केला पाहिजे. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले होते. दोन फूट जाड भिंत दुपारची झळ आत पोहोचायला रात्र आणते, चौकातून गरम हवा वर निघून जाते आणि माजघर सुसह्य राहते. त्या जागी नऊ इंची किंवा त्याहून पातळ भिंत आणि उघडा सिमेंटचा स्लॅब आला की कूलरचे काम वातानुकूलन यंत्राकडे जाते. ही वाढलेली वीज नव्या घराच्या खर्चात कोणी धरीत नाही.

याचा अर्थ प्रत्येक जुनी भिंत वाचवलीच पाहिजे, असा नाही. जुन्या वाड्यांवर १९६० ते १९८० या काळात ज्या घाईच्या भरी घातल्या गेल्या, त्यांतील सळाखी गंजून सिमेंटचे पोपडे निघालेले असतात; त्यांवर पैसा ओतण्यात अर्थ नसतो. पाया खचला असेल, भिंत ओळंब्याबाहेर फुगली असेल, तर माणसांच्या जिवापुढे विटांची किंमत शून्य आहे. त्या काळच्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते फोडताना उडणारे तंतू फुफ्फुसांना घातक असल्याने पत्रे ओले करून, अखंड उतरविले पाहिजेत. त्यांचा पुनर्वापर मुळीच करू नये. चक्रीय विचारात कोणती वस्तू चक्रातून कायमची बाहेर काढायची, हे ठरविणेही येते.

कायद्याची बाजू अगदीच रिकामी नाही. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याविषयी केंद्राने २०१६ साली स्वतंत्र नियम केले. एका दिवसात २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्यात ३०० टन कचरा करणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लाकूड-लोखंडादी वस्तू वेगळ्या कराव्यात, अशी त्यांत तरतूद होती. वर पाहिलेली एकच भिंत एका दिवसात पाडली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांना प्रक्रिया केंद्र उभारण्यासाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली होती. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर होती. पुढे २०२५ मध्ये केंद्राने नवे नियम अधिसूचित केले आणि त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. पुनर्वापराची बंधनकारक उद्दिष्टे त्यांत आहेत, पण ती प्रामुख्याने २० हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी. महालातला वाडा त्या मापाच्या आसपासही येत नाही. याशिवाय, भारतीय मानक ३८३ मध्ये २०१६ पासून जुन्या काँक्रीटच्या गिट्टीला मान्यता आहे. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आणि ठरावीक दर्जापर्यंतच्या सळाखीयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत ती वापरता येते. म्हणजे महालात आज जे सिमेंटचे मजले उभे राहत आहेत, त्यांच्याही पुढच्या जन्माची थोडी सोय झाली आहे.

मग दुरुस्ती होत का नाही? याचे पहिले उत्तर मालकीत आहे. एका वाड्याचे वारस चार शहरांत विखुरलेले असतात. दुरुस्तीला पैसे घालायला कोणी तयार नसते, विक्रीला मात्र सर्वांची सही मिळते. भाडेकरूंचा प्रश्न त्याहून जुना. मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश येथे लागू होता. २००० साली राज्याचा नवा भाडेनियंत्रण कायदा आला. पण दरम्यानच्या काळात गोठलेल्या भाड्यांतून घरमालकाने कवेलू फेरणेही कठीण होते. दुसरे उत्तर सरकारी धोरणात सापडते. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत, स्वतः राहण्याच्या घराच्या खरेदीसाठी वा बांधकामासाठी घेतलेल्या कर्जावरील व्याजाची वजावट २ लाख रुपयांपर्यंत मिळते. त्याच घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढले तर ती ३० हजारांवर थांबते. ही तफावत केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये नव्या घराच्या बांधकामावर मूल्यवर्धित कर शून्य आणि जुन्याच्या दुरुस्तीवर सर्वसाधारणपणे २० टक्के, अशी व्यवस्था वर्षानुवर्षे टीकेचा विषय झालेली आहे. जुने सांभाळणाऱ्याला दंड आणि पाडणाऱ्याला बक्षीस, असे धोरण असताना वाड्याच्या मालकाला भावनेचे धडे देण्यात हशील नाही.

याउलट अमेरिकेतील पोर्टलँड या शहराने २०१६ मध्ये एक सोपा नियम केला. १९१६ वा त्यापूर्वी बांधलेले राहते घर यंत्राने पाडायचे नाही. ते हातांनी, वरून खाली, क्रमाने उतरवायचे. पुढे ही कालमर्यादा १९४० पर्यंत वाढविण्यात आली. त्या शहरातील घरेही मुख्यत्वे लाकडाचीच आहेत. असा नियम नागपूरच्या जुन्या वस्तीपुरता करणे महापालिकेला अशक्य वाटण्याचे कारण नाही. पाडकामाची परवानगी देतानाच साहित्याची यादी मागता येईल, आणि उतरविलेले खांब, चौकटी, विटा ठेवण्यासाठी एखादी शेड उपलब्ध करून देता येईल. आज उतरविलेला माल ठेवायला जागा नाही, म्हणूनही तो चिरला जातो.

तोवर ज्यांच्या हाती नोटीस आली आहे, त्यांनी निदान घाई करू नये. प्रथम जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. केवळ नव्या इमारतीचा ठेका मिळवू पाहणाऱ्याचे मत पुरेसे मानू नये. वाडा जाणारच असेल तर ठेकेदाराशी करार करताना ‘पाडणे’ हा शब्द न वापरता ‘उतरविणे’ हा वापरावा, आणि खांब, तुळया, कड्या, दारे, जोत्याचे दगड यांची मापांसह यादी कराराला जोडावी. प्रत्येक खांबावर खडूने क्रमांक घालून छायाचित्रे काढून ठेवावीत. विटांचे वेगळे ढीग करण्याचे दिवस मजुरीत धरावेत. नव्या घराच्या नकाशात जुन्या दारांची आणि कड्यांची मापे आधीच घ्यावीत, कारण नकाशा आधी होऊन दार नंतर आले, तर ते कोणत्याच भिंतीत बसत नाही. जोत्याचा काळा दगड मात्र कोणालाही देऊ नये. नव्या घराच्या पायरीला तो लागतोच.